गिऱ्हाईक

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, टायरवाल्याच्या मागे
माझी धुलाई. पाटीवर अरबीत एक नाव, इंग्रजीत एक,
आणि कोपऱ्यात निळ्या ऑइलपेंटने
मीच मराठीत लिहिलंय: परकार.

मार्चपासून पाणी पिवळं येत होतं.
गाळायच्या यंत्राचा वर्षाचा करार, पैसे आगाऊ.
त्यांचा माणूस यायचा, झाकण उघडून बघायचा,
वहीत सही करून जायचा.
फिल्टर एकदाही बदलला नव्हता.
हॉटेलच्या दोनशे बारा चादरी
चहात बुडवून काढल्यासारख्या.
बिष्णू, माझा इस्त्रीवाला, एक चादर उजेडात धरून
नेपाळीत काहीतरी म्हणाला.
अर्थ मी विचारला नाही.

मग ग्राहक संरक्षणाचं ऑफिस. टोकन सत्तेचाळीस.
माझ्या पुढे एक बाई, मिक्सरचं भांडं मांडीवर घेऊन.
तिचं काम पाच मिनिटांत झालं.
खिडकीत हमद अल-शिझावी. भला माणूस.
कागद उलटसुलट वाचले, करारावर बोट ठेवलं:
"यात नाव कंपनीचं आहे."
माझीच आहे.
"तुमची असेल. पण तुम्ही म्हणजे ती नाही."
पाणी मी विकत नाही हो. वापरतो, संपवतो.
"कशासाठी?"
चादरी धुवायला.
"कुणाच्या?"
इथे मी गप्प झालो. दाव्यात गप्प बसलं की अर्धं हरलं,
हे ठाऊक होतं; अब्बांनी दाभोळच्या जेटीवरच्या गाळ्यासाठी
नऊ वर्षं कोर्ट केलं होतं.

तर हिशेब असा:
त्याच टाकीतलं पाणी ओंजळीनं प्यालो तर ग्राहक,
त्यात चादर बुडवली तर व्यापारी.
आणि चादर पिळताना हात धुतले गेले, ते?
यावर तो हसला. म्हणाला, व्यापारी कोर्टात जा,
तिथे हे विचारा.

नुकसान एकशे ऐंशी रियाल चारशे बैसा.
वकिलानं नुसतं बसा म्हणायचे पन्नास घेतले.

कंपनीला तहान नसते, मान्य.
तिला डोळे नाहीत, मग ती ठकेल कशी, तेही मान्य.
पण त्या रात्री लिंबूसत्वात हात घालून
चादरी घासताना
नखं कुणाची सोलली?

आपल्याकडे शब्द दोन आहेत.
ग्राहक: कागदावरचा, हक्कवाला.
आणि गिऱ्हाईक: दुकानाची पायरी चढतं ते,
आणि चारचौघांत एखाद्याचं करतात तेही.
मला पहिलं होता आलं नाही.

गुरुवारी, मगरिबनंतर,
काउंटरवर उद्याच्या नमाजाच्या डिशडाशांचा ढीग
आणि ढिगापलीकडे हमद अल-शिझावी, पावती पुढे करून.
मला ओळखलं की नाही, कळेना.
त्याची डिशडाशा काढली, प्लास्टिक वर केलं.
गळ्याशी, गोंडा लोंबतो तिथे,
मसुराएवढा पिवळा डाग.
मी पाहिला. त्यानंही पाहिला असावा.
पंखा एकदा इकडे, एकदा तिकडे वळला.

हा स्वतः घालायला कपडा धुवून घेतो. पुरता ग्राहक.
आणि समोर मी, सहाशे बैशांची कंपनी.
पावतीच्या मागे लिहिलं: डाग आहे.
तारीख घातली. सही. वर शिक्काही.
"जपून ठेवा," म्हटलं. "तुमच्या खिडकीत हे चालतं."

त्यानं पावतीची घडी घातली,
कुठे ठेवावी म्हणून खिसा चाचपला, आणि परत दिली.
"पुन्हा धुवा. रविवारी येतो.
फिल्टर बदललात का?"

बदलला, म्हटलं.
या वेळी बिल माझ्या नावावर घेतलंय.

तो दारात थांबला,
काहीतरी हरकत घ्यावी तसा.